साधेपणा कोणाच्या कष्टावर?

(वर्धा जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, की हा विषय आपल्या वर्गात कशाला? ख्रिस्ती सेवाकार्य, समूहजीवन, अध्ययन, साधी राहणी, हे चर्चमध्ये नाहीतर आश्रमात बोलायचे विषय. आपल्यापुढे मारहाणीचे, मजुरीचे, जमिनीवर नाव लावण्याचे, गावठी दारूचे प्रश्न आहेत. आपल्यातल्या बऱ्याचजणी बौद्ध आहेत, काही हिंदू, काही मुसलमान, आणि काही कुठलाच धर्म न मानणाऱ्या. तेव्हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देऊनच पुढे जायला हवं.

सेवा, साधेपणा आणि मिळून राहणं हे तीन शब्द बाईला कोणी नव्याने शिकवावे लागत नाहीत. लहानपणापासून तेच कानावर पडतं. सेवा कर, साधी राहा, सगळ्यांशी जुळवून घे. आपल्या आयांनी साधेपणा निवडला नव्हता, तो त्यांच्या वाट्याला आला होता. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खायचं, दोन लुगड्यांवर वर्ष काढायचं, दुखणं अंगावर काढायचं. याला कोणी तपश्चर्या म्हटलं नाही, बाईचं वागणं म्हटलं. म्हणून कोणी ‘आम्ही साधेपणाने राहतो, सेवा करतो, समूहात राहतो’ असं म्हटलं, की आपण बायांनी तीन प्रश्न विचारायला हवेत. त्या साधेपणातले कष्ट कोण उपसतं? अभ्यास कोणाला करायला मिळतो? आणि निर्णय कोण घेतं?

हे प्रश्न मी आज आपल्याच जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या काही बायांच्या आयुष्याला लावून पाहणार आहे. त्यातल्या बहुतेक ख्रिस्ती होत्या. त्यांनी येशूची शिकवण व्यासपीठावरून सांगण्याऐवजी रोजच्या जगण्यात उतरवायची असं ठरवलं होतं. त्यांचा धर्म आपण घ्यावा असं मी म्हणत नाही. त्यांनी जगण्याची जी घडी बसवली, तिच्यातून आपल्या संघटनांना काय घेता येईल, आणि काय घेऊ नये, एवढंच पाहायचं आहे.

वर्धा म्हटलं की गांधी, विनोबा, जमनालाल बजाज ही नावं आठवतात. पण या वर्ध्यात ख्रिस्ती माणसांनीही मोठं काम केलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीत सुरू झालं. ते उभं करणारे जे. सी. कुमारप्पा तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचं शिक्षण, अमेरिकेत अर्थशास्त्राचं. आणि मग मगनवाडीत घाणी, चक्की, हातकागद, मधमाश्या. येशूच्या शिकवणीवर त्यांनी तुरुंगात बसून पुस्तक लिहिलं. पुढे काही काळ ते आपल्या सेलडोहला शेती-आश्रमात राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. ते काम चालवणारे आर्यनायकम जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या बरोबरीने ते काम वाहणाऱ्या आशादेवी बंगाली. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती घरात जन्मल्या. अखिल भारतीय महिला परिषदेच्या सुरुवातीपासूनच्या त्या कार्यकर्त्या, १९३८ मध्ये परिषदेच्या अध्यक्ष. कपूरथळ्याच्या राजघराण्यातली ही बाई सेवाग्रामच्या कुडाच्या झोपडीत राहून गांधीजींची पत्रं लिहीत असे, आणि १९४७ मध्ये देशाची पहिली आरोग्यमंत्री झाली.

या सगळ्यांत मी आज जिच्यावर थांबणार आहे, तिचं नाव मार्जरी साइक्स. सेवाग्राममध्ये तिने दहा वर्षं काढली. तरी आपल्या वाचनात तिचं नाव फारसं येत नाही.

मार्जरीबहेन १९०५ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात जन्मली. वडील कोळसाखाणीच्या भागातल्या शाळेत शिक्षक. घरात पैसा नव्हता, पण पुस्तकांची ओढ होती. केंब्रिजला जाऊन ती इंग्रजी साहित्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. १९२८ मध्ये ती मद्रासच्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आली. तमिळ शिकली. पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. याच काळात ती क्वेकर झाली. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक लहानसा पंथ, त्याबद्दल पुढे बोलते. १९३९ च्या सुमारास ती शांतिनिकेतनला गेली, बंगाली शिकली, रवींद्रनाथांच्या लेखनाचे अनुवाद केले. दीनबंधू अँड्र्यूज यांचं चरित्र तिने बनारसीदास चतुर्वेदींबरोबर लिहिलं. गांधीजींनी तिला नई तालीमच्या कामासाठी सेवाग्रामला बोलावलं होतं. हातातलं काम संपवून ती १९४९ मध्ये आली, तेव्हा गांधीजी राहिले नव्हते. माणूस गेलं तरी दिलेला शब्द राहिला होता. १९५९ पर्यंत तिने इथे शिक्षक घडवण्याचं काम केलं. इंग्रज गेले आणि ही इंग्रज बाई भारताची नागरिक होऊन राहिली.

आता पहिला प्रश्न. कष्ट कोणाचे?

नई तालीमच्या आवारात सफाई, स्वयंपाक, शेती आणि सूतकताई या चारही गोष्टी अभ्यासक्रमाचा भाग होत्या. मुलगे आणि मुली, शिक्षक आणि विद्यार्थी, सगळ्यांच्या पाळ्या लागत. संडास साफ करण्याचं कामही पाळीनं सगळ्यांनी करायचं. ज्या काळात ते काम एका जातीवर लादलेलं होतं, त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने मैला उचलून खड्ड्यात टाकायचा आणि त्याचं खत कसं होतं हे शिकायचं, ही लहान गोष्ट नव्हती. स्वयंपाकघरही तसंच. आज किती माणसं, किती पैसे, त्यात डाळ किती, भाजी किती, तेल किती, याचा हिशेब मुलांनीच मांडायचा. त्या हिशेबातूनच गणित शिकायचं, आणि शरीराला काय लागतं हेही तिथेच शिकायचं. म्हणजे जे काम घराघरांत बाई न बोलता करते आणि जे कुणाच्या मोजणीत येत नाही, ते इथे शाळेच्या फळ्यावर आलं. मला वाटतं, नई तालीमचा हा भाग आपण स्त्रियांच्या बाजूने कधी नीट वाचलाच नाही. तिच्यावर लिहिलं गेलं ते चरखा आणि स्वावलंबन याबद्दल. मुलग्याच्या हातात पोळपाट-लाटणं दिलं गेलं, याबद्दल कमी.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. साधेपणाचा निर्णय नवऱ्याने घ्यायचा आणि तो अमलात आणायचा बायकोने, हे गांधीजींच्या घरातही घडलेलं आहे. त्यांनी ते ‘सत्याचे प्रयोग’ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९९८ नव्हे, १८९८ सालची ही गोष्ट, म्हणजे सव्वाशे वर्षं होऊन गेली. दरबानच्या घरात त्यांचे कारकून राहत. खोल्यांमधली लघवीची भांडी नवरा-बायकोने साफ करायची असा नियम. एक कारकून नवा आला होता. तो ख्रिस्ती होता आणि त्याचे आईबाप अस्पृश्य मानलेल्या जातीतले. कस्तुरबांनी ते भांडं उचललं, पण रडत उचललं. गांधीजींचा हट्ट असा, की हे हसतमुखाने व्हायला हवं. बोलाचाली झाली, आणि त्यांनी बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात, माहेर हजारो मैलांवर. तिने त्यांना लाज आहे का म्हणून विचारलं, तेव्हा ते भानावर आले.

या प्रसंगाकडे आपण दोन्ही डोळ्यांनी बघायला हवं. कस्तुरबांच्या मनात तेव्हा जातीचा विटाळ होता, हे खरं. तो जायलाच हवा होता, हेही खरं. पण जात मोडायचा मार्ग बायकोचा हात पिरगाळून जात असेल, तर एक उतरंड मोडताना दुसरी पक्की होते. साधी राहणी, श्रमाची प्रतिष्ठा, अस्पृश्यता निवारण ही सगळी चांगली ध्येयं. ती बाईने स्वतः स्वीकारली तरच तिची. नाहीतर तिच्यासाठी ती आणखी एका घरकामाची यादी होते. मार्जरी साइक्सचा आणि कस्तुरबांचा साधेपणा बाहेरून सारखा दिसतो, पण एकीने तो निवडला होता आणि दुसरीवर सुरुवातीला लादला गेला होता. पुढे कस्तुरबांनी स्वतःच्या बळावर तुरुंगवास पत्करले, त्यांची वाट त्यांची झाली. तरी सुरुवात विसरू नये.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. इथे आपल्याला वर्ध्याबाहेर, पुण्याकडे जायला हवं. कारण महाराष्ट्रात ख्रिस्ती बाईच्या अध्ययनाची आणि समूहजीवनाची गोष्ट पंडिता रमाबाईंपासून सुरू होते.

रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक, की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांचा मठ होता. तिथे राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे त्यांच्यावर टीका झाली ती धर्म सोडला म्हणून. पण नव्या धर्मात गेल्यावरही त्यांनी मान तुकवली नाही, हे कमी सांगितलं जातं. त्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. क्रॉसवर लॅटिनमधला मजकूर कशाला, माझ्या देशाच्या भाषेतला, संस्कृतातला का नको, असा त्यांचा सवाल. खाण्यापिण्यात त्यांनी शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाई संतापल्या. वेद वाचायला बाईला मनाई करणाऱ्यांना सोडून आलेली बाई, दुसऱ्या धर्मातल्या पुरुषांनी पुन्हा तीच वेस घातलेली कशी चालवून घेईल? धर्मग्रंथ मी स्वतः वाचीन आणि स्वतः समजून घेईन, यावर त्या ठाम राहिल्या.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला नेलं आणि पुढे केडगावला मुक्ती सदन वसलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. मुक्तीमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. आंधळ्या मुलींना ब्रेलमधून शिकवलं जात होतं. समाजाने पतित ठरवलेल्या बायांसाठी कृपा सदन होतं. आणि हे सगळं चालवताना रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं अशी सोपी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह. ज्यांना टाकून दिलं होतं अशा बायांनी त्या ग्रंथाची छपाई केली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ पूर्ण छापून निघाला. भाषांतर करणारी बाई आणि छापणाऱ्याही बाया. ग्रंथ कोणता हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवा. बाईच्या हाताने ग्रंथ घडणं ही आपल्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट आहे!

मुक्तीतही प्रश्न होते. तिथल्या मुली ख्रिस्ती झाल्या त्या किती समजून-उमजून, आणि जायला दुसरं ठिकाण नव्हतं म्हणून किती, हा प्रश्न रमाबाईंच्या हयातीतच विचारला गेला. तो विचारायलाच हवा. त्याकडे मी परत येणार आहे.

रमाबाईंच्या वाँटेजच्या धाग्याचं दुसरं टोक असं. पुण्यात शिवाजीनगरला १९२० च्या दशकात जॅक विन्सलो या धर्मगुरूने सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम होता. खादी, जमिनीवर बसून जेवण, साधं राहणं. तिथे मुख्यतः पुरुष होते. तो पुढे बंद पडला. १९७२ मध्ये तिथे पुन्हा दिवा लागला तो बायांनी लावला. वाँटेजच्याच संघाच्या अँग्लिकन सिस्टर्स आणि सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथॉलिक सिस्टर्स एकत्र राहायला आल्या. ज्या दोन पंथांचे पुरुष धर्मगुरू शतकानुशतकं एकमेकांना खरे ख्रिस्ती मानायला तयार नव्हते, त्या पंथांतल्या या बाया एका चुलीवर जेवू लागल्या. शंकराचार्यांच्या तत्त्वज्ञानावर संशोधन केलेल्या सिस्टर सारा ग्रँट यांनी पुढे तिथे आचार्यपद सांभाळलं. प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदंही वाचली जात. त्या घरात अभ्यास हा फावल्या वेळेचा छंद नव्हता, दिवसाच्या कामाचाच भाग होता.

आता आपल्या घरी परत येऊ या आणि तिसरा प्रश्न घेऊ या. निर्णय कोणाचा?

मघाशी मी क्वेकर पंथाचं नाव घेतलं. या पंथात पगारी पुरोहित नसतो, व्यासपीठ नसतं. सगळे गोल करून शांत बसतात. ज्याला किंवा जिला आतून काही सांगावंसं वाटेल ती उठून सांगते. बाईने बोलायचं की नाही हा वाद त्यांच्यात सुरुवातीलाच झाला. मार्गारेट फेल या बाईने १६६६ मध्ये, स्त्रियांनी धर्मसभेत बोलणं योग्यच आहे, अशी बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. त्या वेळी ती तुरुंगात होती. आणि त्यांची निर्णयाची रीत अशी, की मतदान घ्यायचं नाही. एकीचाही मनापासून विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं.

मार्जरीबहेनने ही रीत आपलीशी केलेली होती, आणि ती सेवाग्राम सोडत होती त्याच वर्षी, २५ मार्च १९५९ रोजी, पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते बहिणींचं. तिथे कोणी प्रमुख नसेल, निर्णय सर्वसंमतीने होतील, प्रत्येकीने अंगमेहनत करायची आणि प्रत्येकीने अध्ययनही करायचं, असं ठरलं. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक बहिणींनीच चालवलं, छापखान्यात खिळे जुळवायचं कामही त्यांनीच केलं. विनोबांचं म्हणणं असं होतं, की आजवरची शास्त्रं पुरुषांनी लिहिली, आता बायांनी स्वतःच्या अनुभवातून शास्त्र लिहायला हवं. त्यांनी बायबलमधून निवड करून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ ही केला. आणि त्यांची जी आत्मकथा कालिंदीताईंनी त्यांच्या बोलण्यातून संकलित केली, तिचा इंग्रजी अनुवाद मार्जरी साइक्सने उतारवयात केला. क्वेकर बाई आणि पवनारच्या बहिणी यांचं नातं असं अभ्यासातूनही जुळलेलं होतं.

पवनारबद्दल बायांच्या चळवळीने प्रश्नही विचारले आहेत. स्वातंत्र्याची किंमत म्हणून ब्रह्मचर्यच का द्यायला लागावं? बाईने संसार केला आणि अभ्यासही केला, तर त्याची सोय कोण करणार? प्रमुख नाही असं म्हटलं तरी एका थोर पुरुषाचा शब्द सगळ्यांवर असेल तर सर्वसंमती किती मोकळी? हे प्रश्न योग्य आहेत. पण त्याबरोबर हेही पाहा, की लग्न न करता, कोणाच्या आश्रयाला न राहता, एकमेकींच्या सोबतीने म्हातारं होता येतं, अशी जागा आपल्या जिल्ह्यात साठ वर्षांहून जास्त काळ टिकली. विधवेला, परित्यक्तेला, लग्नच नको असलेल्या मुलीला ‘मी कुठे राहू?’ हा प्रश्न पडतो, तेव्हा आपल्या संघटनांकडे आजही त्याचं उत्तर नसतं.

निर्णय हातात नसेल तर समूहजीवनाचं काय होतं, हेही बघायला हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये केरळात कोचीला पाच सिस्टर्स रस्त्यावर धरणं धरून बसल्या. आपल्या एका सहकारी सिस्टरने बिशपवर बलात्काराची तक्रार केली होती, तिच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने त्या बिशपना निर्दोष ठरवलं. कोर्टात काय झालं त्यावर मी इथे निकाल देत नाही. पण त्या पाचजणींची स्थिती समजून घ्या. सिस्टरने गरिबीचं आणि आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं. तिचा स्वतःचा पैसा नसतो, घर नसतं, बदली वरून होते. अशा बाईने आवाज उठवणं म्हणजे अन्न आणि छप्पर दोन्ही पणाला लावणं. साधेपणाचं व्रत जेव्हा फक्त खालच्यांनी पाळायचं असतं आणि सत्ता वर जमा होते, तेव्हा ते व्रत बेडी बनतं. क्वेकर सभेतली बाई आणि आज्ञेत राहणारी सिस्टर, दोघीही येशूचंच नाव घेतात. फरक बसण्याच्या रचनेत आहे. एकीकडे गोल आहे, दुसरीकडे शिडी.

आता धर्मांतराबद्दल बोलायला हवं, कारण ख्रिस्ती सेवा म्हटली की तो प्रश्न येतोच. आपला जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. तो मिशनऱ्यांवर कडक टीका करणारा होता आणि त्याच्यावरही बरीच टीका झाली. त्या समितीत एक ख्रिस्ती सदस्य होते, एस. के. जॉर्ज, मूळचे केरळचे आणि आपल्या वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक. गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढे कोणतं आव्हान ठेवलं, यावर त्यांनी १९३९ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. सेवा करा, पण तिच्या बदल्यात माणसाचा धर्म मागू नका, हे ते आव्हान.

राज्यघटनेने धर्म निवडायचा हक्क प्रत्येकीला दिला आहे. १९५६ मध्येच नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म स्वीकारला. आपल्यातल्या अनेकींच्या आज्या त्यात होत्या. तेव्हा धर्म बदलणं यात काही वाईट आहे असं आपण म्हणूच शकत नाही. वाईट आहे ती अट. मदत हवी असेल तर आमच्यात ये, ही अट. मार्जरी साइक्सने सेवाग्राममध्ये अशी अट घातली नाही. तिची प्रार्थना तिची होती आणि शेजारणीची शेजारणीची.

पण मैत्रिणींनो, ही अट फक्त धर्मवालेच घालतात का? नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई आपल्या केंद्रात येते. तिची केस लढताना आपण तिला सांगतो का, की मोर्चाला आलीस तरच? बचत गटात नाव घातलंस तरच? आमच्या संस्थेच्या अहवालात तुझा फोटो दिलास तरच? भुकेल्या माणसाला भाकरीबरोबर धर्म देणं आणि मार खाल्लेल्या बाईला वकिलाबरोबर झेंडा देणं, यात अंतर फार नाही. बाई संघटनेत यावी, जरूर यावी. पण तिच्या पायावर उभी राहिल्यावर, आणि नको म्हणायची मुभा असताना.

शेवटी, आपल्या संघटनांसाठी काही ठोस गोष्टी मांडते. त्यावर चर्चा व्हावी.

पहिली, शिबिराच्या स्वयंपाकघराची. आपल्या शिबिरांत व्याख्यानं चालू असतात तेव्हा चुलीपाशी कोण असतं? बहुतेक वेळा गावातल्या दोन गरीब बाया, आणि बहुतेक वेळा त्या व्याख्यान ऐकत नाहीत. नई तालीमची पाळी आपण लावू या. पाहुण्या वक्त्यांसकट. आणि बाहेरून बाई लावलीच तर तिला शासनाच्या किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही. आपला साधेपणा तिच्या मजुरीतून वाचवायचा नाही.

दुसरी, मानधनाची. प्रकल्प आला की एकीला पगार आणि दुसरी वर्षानुवर्षं ‘कार्यकर्ती’ म्हणून फुकट, असं होतं. सगळ्यांना सारखंच मिळेल असं नाही, पण कोणाला किती मिळतं हे सगळ्यांना माहीत तरी हवं. हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवणं ही सगळ्यात साधी राहणी.

तिसरी, अभ्यासाची. आठवड्यातून दोन तास वाचनाला ठेवू या. कायदा, इतिहास, शरीर, शेतीचा हिशेब. ज्या बाईला वाचता येत नाही तिने ऐकावं, आणि दुसऱ्या आठवड्यात तिने आपला अनुभव सांगावा, दुसऱ्या कोणी तो लिहून घ्यावा. रमाबाईंनी सोपी मराठी हवी म्हणून आग्रह धरला, तो आपल्या पत्रकांनाही लावू या.

चौथी, निर्णयाची. प्रत्येक प्रश्नावर सर्वसंमती शक्य नाही, हे मला कळतं. उद्या सकाळी पोलिस ठाण्यावर जायचं असेल तर तीन दिवस गोल करून बसता येणार नाही. पण पैसा, माणसं घेणं-काढणं आणि संघटनेची दिशा या तीन गोष्टींत तरी घाई नको. नको म्हणणारी एकटी असली तरी तिचं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय ठराव लिहायचा नाही.

पाचवी, बाहेर पडण्याची. जी बाई संघटना सोडून जाईल तिला गद्दार म्हणायचं नाही. ज्या घरातून सुखाने बाहेर पडता येतं, तेच घर आपलं असतं.

मार्जरी साइक्स १९५९ नंतर निलगिरीतल्या कोटागिरीला राहिली, शांतिसेनेच्या प्रशिक्षणात उतरली, १९६० च्या दशकात नागालँडमध्ये युद्धबंदीवर देखरेख करायला गेली, पुढे होशंगाबादजवळच्या रसूलियाच्या क्वेकर केंद्रात राहिली. १७ ऑगस्ट १९९५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती इंग्लंडमध्ये वारली. तिच्या नावाचा मोठा पुतळा कुठे नाही, आणि तिला तो नकोच असता. सेवाग्रामच्या शाळेची पन्नास वर्षांची कहाणी मात्र तिने लिहून ठेवली आहे. नई तालीम म्हणजे काय, हे आपल्या मुलींना वाचायचं असेल तर त्या कहाणीपासून सुरुवात करता येईल.

साधेपणा, अभ्यास आणि समूह या तिन्ही गोष्टी आपल्याला हव्यात. पण त्या वाटून घेतलेल्या हव्यात. कष्ट एकीकडे, पुस्तक दुसरीकडे आणि सही तिसऱ्याकडे, अशी वाटणी जिथे असेल, तिथे देवाचं नाव असो की क्रांतीचं, बाईने थांबून विचारायला हवं. आता प्रत्येक गटाने आपापल्या संघटनेत कष्ट, अभ्यास आणि निर्णय कोणाकडे आहेत ते कागदावर मांडावं. जेवणानंतर त्यावर बोलू या. आणि हो, जेवणानंतरची भांडी आज गट क्रमांक एककडे आहेत. मी त्याच गटात आहे.